पंधराव्या पायरीवर कोण बसलंय?

तुमच्या कॉलेजमध्ये एक खोका आहे. कॉम्प्युटर लॅबच्या मागच्या भिंतीला टांगलेला असेल, नाहीतर जिन्याखालच्या त्या खोलीत असेल जिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडका प्रोजेक्टर आणि शिपाईमामांची छत्री एकत्र नांदत असतात. राखाडी किंवा काळा, पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा. पुढे चोवीस नाहीतर अठ्ठेचाळीस भोकं, त्यात निळ्या-पिवळ्या वायरी आणि वर लुकलुकणारे हिरवे दिवे. याला स्विच म्हणतात. नावावरून हा दिव्या-पंख्याच्या बटणाचा चुलतभाऊ वाटतो आणि त्याला वागणूकही तशीच मिळते. एकदा बसवला, चालू झाला, विषय संपला. पंख्याला कुणी अपडेट विचारतं का?

पण हा खोका म्हणजे पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, मेमरी आहे, युजर आहेत, पासवर्ड आहेत. आणि त्याच्यातून काय काय जातं ते एकदा मोजून बघा. ऑफिसातली फी आणि हजेरी, परीक्षा विभागाचे इंटर्नलचे मार्क, लायब्ररी, तुमचं वाय-फाय, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्यांचं फुटेज. हे सगळं एकाच खोक्यातून जात असलं तरी एकमेकांना दिसत नाही, कारण खोक्याच्या आत पार्टिशन घातलेली असतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. अमुक भोकं परीक्षा विभागाची, तमुक भोकं विद्यार्थ्यांची, मधे भिंत. पण ही भिंत विटांची नसते, सेटिंगमधल्या दोन ओळींची असते. त्या ओळी बदलायचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्यासाठी भिंत नाहीच.

हा अधिकार कसा वाटला जातो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलंय, फक्त लक्ष दिलं नसेल. पॅकेट ट्रेसरवरचं प्रॅक्टिकल आठवा. स्विचच्या त्या काळ्या खिडकीत शिरलं की नावापुढे बाणाचं टोक दिसतं. 'इनेबल' टाइप करायचं, पासवर्ड द्यायचा, की बाणाच्या जागी हॅश येतो. आपण आउटपुट जर्नलमध्ये चिकटवतो, सरांची सही घेतो आणि कॅन्टीनला पळतो. पण त्या एका चिन्हाच्या बदलात सगळी गोम आहे. सिस्कोच्या स्विचवर अधिकारांच्या शून्य ते पंधरा अशा सोळा पायऱ्या असतात. बाणाचं टोक म्हणजे साधारण पहिली पायरी. बघा, पण हात लावू नका. हॅश म्हणजे पंधरावी. घर तुमचंच आहे, भिंती पाडा नाहीतर बांधा, कुणी विचारणार नाही.

आता समजा, पहिल्या पायरीवरचा माणूस, किंवा ज्याला पायरीच दिलेली नाही असा बाहेरचा कुणी, पासवर्ड न देता पंधराव्या पायरीवर जाऊन बसला. यालाच प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात. आपल्याकडे 'पायरी सोडून वागणं' म्हणतात ना, तेच. सेकंड क्लासचा पास काढून फर्स्ट क्लासमध्ये घुसणारे आपण रोज बघतो. टीसी आला तर दंड, नाही आला तर मज्जा. पण असाच एक जण वाशीला चढला, कुठल्यातरी सैल दारातून मोटरमनच्या केबिनमध्ये पोचला आणि पनवेलला जाणारी गाडी त्याने सानपाड्याच्या कारशेडमध्ये नेऊन उभी केली, तर? गाडी तीच, रूळ तेच, इंडिकेटरवर अजूनही 'पनवेल' लिहिलेलं. आत बसलेल्यांना कळणार कधी?

दार सैल का राहतं? स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आज्ञेआधी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: तू कोण, कितव्या पायरीवरचा? लाखो ओळींच्या कोडमध्ये कुठेतरी एखादी आडवाट राहून जाते, जिथे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की इथवर आलेल्याला पुढच्या दारात कुणीतरी विचारलंच असेल. सोसायटीच्या मागच्या गेटचा वॉचमन समजतो पुढच्याने नाव लिहून घेतलं असणार, आणि पुढचा समजतो मागच्याने. झालं. काही आडवाटांमध्ये बाहेरून दिलेला मजकूर नीट न तपासताच आतल्या लिनक्सकडे पाठवला जातो आणि त्या मजकुरात कुणी आज्ञा लपवली असेल तर तीही मुकाट पाळली जाते.

१६ ऑक्टोबर २०२३ ला सिस्कोनेच जाहीर केलं की त्यांच्या आयओएस एक्सई या सिस्टीममध्ये अशी एक आडवाट आहे. ही सिस्टीम कॅटॅलिस्ट ९००० मालिकेच्या स्विचवर चालते, म्हणजे मोठमोठ्या ऑफिसांत आणि कॅम्पसमध्ये दिसणाऱ्या खोक्यांवर. भोकाचा नंबर सीव्हीई-२०२३-२०१९८, गांभीर्य दहापैकी दहा. स्विचची सेटिंग ब्राउझरमधून करता यावी म्हणून दिलेलं वेब पॅनेल इंटरनेटला उघडं असेल, तर कुठलाही पासवर्ड नसलेला माणूस बाहेरूनच स्वतःसाठी एक नवं खातं उघडू शकत होता, आणि तेही थेट पंधराव्या पायरीचं. तिथून सीव्हीई-२०२३-२०२७३ हे दुसरं भोक वापरून खालच्या लिनक्सचा रूट अधिकार मिळवायचा आणि आपला छोटासा प्रोग्राम आत पेरून ठेवायचा. चंचुप्रवेश आणि मुसळप्रवेश, दोन्ही एका बैठकीत.

चोरांनी या खात्यांना नावं काय दिली होती माहितीये? 'सिस्को टॅक अ‍ॅडमिन' आणि 'सिस्को सपोर्ट'. म्हणजे एखाद्या मेहनती अ‍ॅडमिनने युजरची यादी उघडलीच, तरी त्याला वाटावं, कंपनीचाच माणूस दिसतोय, राहू दे. मला ही नावं त्या भोकापेक्षा जास्त भीतिदायक वाटतात. भोक कोडमध्ये होतं, नावं मात्र आपल्या सवयीवर नेम धरून ठेवली होती. खाकी शर्ट घालून, हातात टूलबॉक्स घेऊन येणाऱ्याला कुठलीही सोसायटी अडवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून हे सुरू होतं. जाहीर झाल्यावर दोन-तीन दिवसांतच शोध घेणाऱ्यांना जगभरात चाळीस हजारांहून जास्त डिव्हाइसवर तो पेरलेला प्रोग्राम दिसला. मग अचानक आकडा धपकन खाली आला. लोक खूश झाले, सफाई झाली म्हणून. प्रत्यक्षात चोरांनी प्रोग्राम थोडा बदलून तो तपासणीला दिसणार नाही अशी सोय केली होती. दुसऱ्या पद्धतीने तपासल्यावर पुन्हा सदतीस हजारांच्या वर सापडले. दुरुस्ती यायला २२ ऑक्टोबर उजाडला. आणखी एक गंमत म्हणजे स्विच बंद करून चालू केला की पेरलेला प्रोग्राम निघून जायचा, पण पंधराव्या पायरीचं ते खातं तसंच राहायचं. 'बंद करून चालू करून बघ' हा आपला राष्ट्रीय उपाय इथे अर्धाच कामाला आला.

वर बसलेला माणूस करतो काय? दंगा करणाऱ्याची भीती कमी, शांत बसणाऱ्याची जास्त. स्विचमध्ये एक अधिकृत सोय असते: एका भोकातून जाणाऱ्या सगळ्या माहितीची प्रत दुसऱ्या भोकात टाकायची. नेटवर्कमधला बिघाड शोधायला ती लागतेच. ती प्रत चोराच्या हाती लागली तर सगळं आधीसारखंच चालत राहतं, हिरवे दिवेही लुकलुकत राहतात. आपण लॅपटॉपवर अँटीव्हायरस टाकतो, फोनला फिंगरप्रिंट लावतो. स्विचवर अँटीव्हायरस नसतो. त्याच्या नोंदी कुणी वेगळ्या सर्व्हरवर जपत नसेल, तर काय घडलं याचा पुरावाही वर बसलेलाच पुसू शकतो.

दंगा करणारेही असतात. एप्रिल २०१८ मध्ये इराण आणि रशियातल्या हजारो स्विचची सेटिंग एका रात्रीत पुसली गेली आणि स्क्रीनवर अमेरिकेचा झेंडा उमटला, सोबत 'आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका' अशा अर्थाचा मजकूर. तिथे चोरांनी स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय वापरली होती. नवा स्विच पेटीतून काढून लावला की त्याने स्वतःच सेटिंग मागवून घ्यावी, इंजिनिअरला प्रत्येक ठिकाणी जावं लागू नये, म्हणून ती दिलेली होती. पासवर्ड विचारतच नव्हती. काम झालं की ती बंद करायची असते. कोण करतो?

हे सगळं नवी मुंबईच्या पोरापोरींना का सांगायचं? ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बसने जाताना खिडकीतून बघा. तुमच्या आईबाबांच्या पिढीसाठी हा केमिकल कारखान्यांचा रस्ता होता. आता ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती उभ्या आहेत, मागे जनरेटरची रांग आणि गच्चीवर कूलिंगची यंत्रं. ती डेटा सेंटरं. बँकांचे व्यवहार, तुमच्या रील्स, सरकारी कामं, यातलं बरंच काही तिथल्या रॅकमध्ये राहतं आणि प्रत्येक रॅकच्या वरच्या खणात एक स्विच असतो. आणि खाली उरणच्या बाजूला न्हावा शेवा. देशातल्या मोठ्या बंदरांमधून जाणाऱ्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे एकट्या या बंदरातून जातात. नाशिकची द्राक्षंही इथूनच युरोपला निघतात.

त्या बंदराने आपल्याला एक धडा आधीच शिकवलाय, पण आपण तो ऑप्शनला टाकला. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका टॅक्स सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस बाहेर पडला. तिथे ऑफिस असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत तो शिरला आणि बघता बघता जगभर पसरला. मर्स्कच्या गटातलीच एपीएम टर्मिनल्स ही कंपनी जेएनपीटीत जीटीआय टर्मिनल चालवत होती. तिथले कॉम्प्युटर बंद पडले. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत, कुठल्या जहाजावर, कुठल्या ट्रेलरवर, हे सांगणारी यंत्रणाच गेली. हाताने नोंदी करून काम रेटायचा प्रयत्न झाला, जहाजं त्याच बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवायची पाळी आली, माल अडकून पडला. युक्रेनमधलं भांडण आणि त्रास उरणच्या रस्त्यावरच्या ट्रेलर ड्रायव्हरला.

नॉटपेट्या स्विचमधल्या भोकातून आला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण तो पसरला तो अधिकारांच्या जोरावर. विंडोजमधलं एक भोक तो वापरायचाच, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे साडेतीन महिने आधी दिली होती. पण ज्यांनी ती दुरुस्ती टाकली होती तेही वाचले नाहीत, कारण त्याच्याकडे दुसरी युक्ती होती. एखाद्या साध्या मशीनवर आयटीचा माणूस मोठ्या अधिकाराने लॉगइन करून प्रिंटर जोडून गेलेला असतो. त्या अधिकाराची खूण मशीनच्या मेमरीत उरते. नॉटपेट्या ती उचलायचा आणि त्याच रुबाबात शेजारच्या मशीनवर जायचा, तिथून पुढच्या. आणि मधे अडवायला भिंती हव्या होत्या, त्या पुरेशा नव्हत्या. नेटवर्कचे वेगळे कप्पे करा, असं मर्स्कच्या आतल्याच लोकांनी आधी सांगितलं होतं, अशी माहिती नंतर पत्रकारांनी बाहेर आणली. कप्पे कोण करतं? आपला तोच जिन्याखालचा खोका.

मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने उभे केले. हा आकडा त्यांच्या अध्यक्षांनीच पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितला. त्यांची युजर आणि अधिकारांची मुख्य यादी जगभरात सगळीकडे पुसली गेली होती. एकच प्रत उरली, घानामधल्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती. कोट्यवधी डॉलरची कंपनी लोडशेडिंगमुळे वाचली! पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्हावा शेवाच्या जेएनपीसीटी या दुसऱ्या टर्मिनलवर सायबर हल्ला झाला आणि जहाजं वळवायचा तोच खेळ पुन्हा झाला.

मग एवढं सगळं होऊनही स्विच अपडेट का होत नाहीत? आळशीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. स्विच अपडेट करायचा म्हणजे तो बंद करून चालू करावा लागतो. तेवढी दहा-पंधरा मिनिटं त्याला जोडलेलं सगळं बंद. हॉस्पिटलच्या आयसीयूतलं नेटवर्क दुपारी तीनला बंद करा असं कोण म्हणेल? बंदरात जहाज लागलेलं असताना? त्यात अपडेटनंतर स्विच उठलाच नाही, तर शिव्या कुणाला? ज्याने हात लावला त्याला. आणि वर्षभर हात न लावल्यामुळे चोरी झाली तर? तर 'सायबर हल्ला झाला' अशी बातमी येते, जणू वादळ आलं होतं. आपली सगळी बक्षिसं आणि शिक्षा अशाच लावलेल्या आहेत की 'चालतंय ना, मग हात लावू नको' म्हणणारा शहाणा ठरतो. दोष खोक्याशेजारी उभ्या असलेल्या पोराचा कमी आणि त्याला महिन्यातून एक रात्र दोन तास काम बंद ठेवायची परवानगी न देणाऱ्या साहेबांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे बंद ठेवणं खरंच परवडत नाही तिथे एकाच्या जोडीला दुसरा स्विच घ्यायचा असतो, म्हणजे एक झोपला तरी दुसरा जागा राहतो. बजेट मीटिंगमध्ये पहिली काट याच दुसऱ्या स्विचवर बसते.

आणि एक खास आपली सवय. मार्कांवरून अभ्यास ठरवणं. भोक सापडलं की त्याला दहापैकी गुण मिळतात. दहापैकी दहा म्हणजे धावपळ. सहा मिळाले तर, बघू नंतर, वेटेज कमी आहे. जुलै २०२४ मध्ये सिस्कोच्या नेक्सस स्विचमधलं एक भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०२४-२०३९९. ही मालिका डेटा सेंटरमध्येच वापरली जाते. गुण फक्त सहा, कारण ते वापरायला आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत होता. वाचणारा म्हणणार, अ‍ॅडमिनकडे सगळे अधिकार आहेतच की, मग आणखी वर कुठे जाणार? तर अ‍ॅडमिनच्या खिडकीखाली जी लिनक्स दडलेली असते, तिच्यात. तिथे केलेलं काम अ‍ॅडमिनच्या नोंदीत दिसत नाही. एका हेरगिरी करणाऱ्या टोळीने हेच भोक आधीपासून वापरलं होतं, ते शोधणाऱ्या सिग्निया कंपनीने त्या टोळीला व्हेल्वेट अँट असं नाव दिलंय, मखमली मुंगी. सहा मार्कांच्या धड्यावरच प्रश्न आला.

भोक नसतानाही पायऱ्या चढता येतात, हे तर आणखी वाईट. पंधराव्या पायरीचा एकच पासवर्ड चार जणांना माहीत असतो. त्यातला एक नोकरी सोडून गेलेला असतो. ज्या कंत्राटदाराने स्विच बसवला त्याच्याकडेही तो असतो. कधी कधी तो अजूनही प्रॅक्टिकलच्या पुस्तकातलाच, 'सिस्को' नाहीतर 'क्लास', असतो. सोळाच्या सोळा पायऱ्या का वापरत नाही विचारलं तर उत्तर येतं, कोण एवढी कटकट करणार, सगळ्यांना फुल अ‍ॅक्सेस देऊन टाक, काम अडायला नको. फ्लॅटची किल्ली शेजारी ठेवणं वेगळं आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना वाटणं वेगळं.

आता तुमच्याकडे येतो. स्टेशनाबाहेरच्या खांबांवर एथिकल हॅकिंगच्या कोर्सच्या जाहिराती तुम्ही बघता. हुडी घातलेला पोरगा, चेहऱ्यावर हिरवा उजेड, मागे शून्य आणि एकचा पाऊस. कुठल्याच जाहिरातीत रात्री दोन वाजता थंडगार रॅक रूममध्ये स्वेटर घालून, स्विच परत उठायची वाट बघत, थर्मासमधला चहा पिणारी मुलगी दिसत नाही. पण काम ती करते. तोडायला शिकवणारे क्लास आहेत, भोक शोधणाऱ्याला बक्षीस आहे, स्टेजवर टाळ्या आहेत. सांभाळणाऱ्याला काय? सगळं नीट चाललं तर कुणाला पत्ताच नाही की काही केलं गेलंय. मला वाटतं या कामाला मान आणि पगार दोन्ही मिळाले पाहिजेत, आणि ते मागायला तुमच्याच पिढीने सुरुवात करायला हवी, कारण ऐरोलीपासून पनवेलपर्यंत या खोक्यांची संख्या वाढतच जाणार आहे.

एक सावधगिरी मात्र. हे वाचून उद्या कॉलेजच्या स्विचवर हात साफ करायला जाऊ नका. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं आणि 'नुसतं बघत होतो' म्हणालात तरी भरपाई मागता येते. हेतू वाईट ठरला तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चुकून काही सापडलंच, म्हणजे लॅबच्या ब्राउझरमध्ये स्विचचं लॉगइन पान उघडं दिसलं, तर आत पासवर्ड ठोकून न बघता एचओडींना लेखी कळवा. मोठ्या उत्पादनात भोक सापडलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेकडे ते कळवायची रीतसर सोय आहे. एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांनुसार हल्ला कळल्यापासून सहा तासांत तो कळवणं आणि नोंदी १८० दिवस जपणं संस्थांना बंधनकारक आहे. तुमच्या टेकफेस्टच्या कमिटीत कुणी हे विचारलंय का, की आपल्या कॉलेजात १८० दिवसांच्या नोंदी कुठे असतात?

शिकायचं असेल तर पॅकेट ट्रेसर फुकट आहे. जुना, कंपनीने टाकून दिलेला खरा स्विच लॅमिंग्टन रोडला अगदी स्वस्तात मिळून जातो. घरी आणा, स्वतःच्या टेबलावर लावा आणि प्रॅक्टिकलच्या पुस्तकात नसलेलं करून बघा. पंधराऐवजी पाचव्या पायरीचं एक खातं उघडा, ज्याला फक्त एखादं भोक बंद-चालू करता येईल, बाकी काही नाही. वेब पॅनेल बंद करा. नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा. मग त्याच स्विचची सिस्टीम अपडेट करा आणि तो परत उठेपर्यंत पोटात जो गोळा येतो तो अनुभवा. आई विचारेल, हा पंखा कसला आणलायस एवढा आवाज करणारा. सांगा, पंखाच आहे, पण याला पासवर्ड लागतो.

आणि पुढच्या वर्षी प्लेसमेंटला बसाल. महाप्याच्या किंवा रबाळ्याच्या एखाद्या कंपनीत इंटरव्ह्यूच्या शेवटी समोरचा नेहमीप्रमाणे विचारेल, तुम्हाला काही विचारायचंय का? सगळे पॅकेज आणि शिफ्ट विचारतात. तुम्ही विचारा: तुमच्या स्विचवर पंधराव्या पायरीची किती खाती आहेत, आणि त्यातली किती माणसं अजून इथे कामाला आहेत? समोरचा हसेल, कदाचित शेजारच्याकडे बघेल. आकडा सांगितला तर वहीत लिहून ठेवा. 'बघून सांगतो' म्हणाला, तर जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हीच बघून सांगा.